हॉड ते वालहाल: तेरा किलोमीटरची पाइपलाइन आणि टोकाचा एक व्हॉल्व्ह

उत्तर समुद्राच्या नॉर्वेकडच्या भागात, दक्षिणेला, हॉड नावाचं एक छोटं तेलक्षेत्र आहे. ते १९७४ साली सापडलं आणि तिथलं उत्पादन १९९० मध्ये सुरू झालं. आपल्याकडे ‘सागर सम्राट’ने बॉम्बे हाय शोधलं तेही १९७४ सालीच, आणि समुद्राची खोली दोन्हीकडे साधारण सारखीच, सत्तर-पंचाहत्तर मीटर. हॉडच्या प्लॅटफॉर्मवर माणसं राहत नसत. विहिरींची तोंडं असलेला तो एक लहान सांगाडा होता, आणि त्याचं सगळं चलनवलन १३ किलोमीटर उत्तरेकडच्या वालहाल प्लॅटफॉर्मवरून व्हायचं. तेल आणि वायू एकाच पाइपलाइनमधून एकत्र वालहालला यायचे आणि पुढची प्रक्रिया तिथे व्हायची.

१९९० च्या दशकाच्या अखेरीला या पाइपलाइनमधला प्रवाह ही वालहालवरची कटकट झाली होती. विहिरींकडून आवक बऱ्यापैकी एकसारखी असताना वालहालच्या बाजूला मात्र कधी नुसता द्रव यायचा, कधी नुसता वायू. त्यावर जो उपाय झाला तो पोलादाचा नव्हता. पाइप तोच, विहिरी त्याच, प्रवाह कमी-जास्त करणारा चोक व्हॉल्व्हही तोच. तो व्हॉल्व्ह कोण हलवणार, आणि कुठला दाब बघून हलवणार, एवढंच बदललं. नियंत्रणशास्त्राची खरी ताकद काय असते हे दाखवायला मला याच्याइतकं स्वच्छ उदाहरण दुसरं सुचत नाही.

आत काय चाललं होतं

तेल आणि वायू एका पाइपमधून नेले की दोघांचा वेग सारखा राहत नाही. प्रवाह जोरात असेल तर वायू द्रवाला ओढून नेतो. क्षेत्र जुनं होतं, विहिरींचा दाब उतरतो, प्रवाह मंदावतो, तसा द्रव पाइपच्या तळाशी बसायला लागतो. समुद्रतळ सपाट नसतो. त्यातल्या सखल जागी, आणि विशेषतः प्लॅटफॉर्मकडे वर चढणाऱ्या उभ्या पाइपच्या, म्हणजे रायझरच्या, पायथ्याशी द्रव साचतो. एका क्षणी तो पाइपचा पूर्ण छेद व्यापतो आणि मागच्या वायूची वाट बंद होते.

तिथून चक्र सुरू होतं. मागून द्रव येतच असतो, रायझर भरत जातो. अडकलेल्या वायूचा दाब वाढत जातो, पण रायझरमधल्या द्रवाचं वजनही वाढत असतं, त्यामुळे वायू पुढे सरकू शकत नाही. रायझर काठोकाठ भरला की वजन वाढायचं थांबतं. वायूचा दाब मात्र वाढतच राहतो. शेवटी वायू पायथ्याशी घुसतो, वर जाता जाता प्रसरण पावतो, वरचा द्रवस्तंभ हलका होतो, तो हलका झाल्यामुळे आणखी वायू घुसतो, आणि काही क्षणांत सगळा द्रव सेपरेटरवर, म्हणजे तेल, पाणी आणि वायू वेगळे करणाऱ्या टाकीवर, जाऊन आदळतो. त्यामागून वायूचा लोंढा. मग दाब पडतो, भिंतींवरून उरलेला द्रव खाली घसरतो, पायथा पुन्हा बुजतो आणि चक्र नव्याने चालू होतं. या धंद्यात याला ‘सिव्हिअर स्लगिंग’ म्हणतात. पाइपलाइन किती लांब आणि वायू किती यावर एक आवर्तन काही मिनिटांचं असतं किंवा काही तासांचंही.

आकड्यांचा अंदाज यावा म्हणून एक ढोबळ हिशेब. सत्तर मीटर पाणी आणि वर डेकची उंची धरली तर रायझर साधारण १०० मीटरचा. त्यात घनमीटरला ८०० किलो घनतेचा द्रव पूर्ण भरला तर पायथ्यावर जवळपास ८ बार (एक बार म्हणजे साधारण हवेच्या दाबाएवढा) जादा दाब येतो. खोल समुद्रातल्या ३०० मीटरच्या रायझरमध्ये हाच आकडा २४ बारच्या आसपास जातो. एवढा दाब प्रत्येक आवर्तनात चढतो आणि उतरतो, आणि त्या चढउताराचा धक्का विहिरींपर्यंत पोहोचतो. हॉड आणि वालहालचं तेल खडूच्या खडकात आहे. हा खडक इतका मऊ की वालहालखालचा समुद्रतळ उत्पादनामुळे खचत गेला. अशा ठिकाणी विहिरींना दाबाचे हिसके बसणं कुणालाच नको असतं.

वालहालच्या बाजूला होणारे हाल तर रोजचेच. द्रवाचा लोंढा आला की सेपरेटरची पातळी चढते आणि ‘हाय लेव्हल’ ट्रिपची, म्हणजे पातळी चढल्यामुळे यंत्रणा आपोआप बंद पडण्याची, भीती असते. वायूचा लोंढा आला की कॉम्प्रेसरची तारांबळ उडते आणि वायू फ्लेअरला सोडावा, म्हणजे जाळून टाकावा, लागतो. तेल, पाणी आणि वायू वेगळे व्हायला सेपरेटरमध्ये जो शांत वेळ लागतो तोच मिळत नाही. मग तेलात पाणी राहतं आणि बाहेर सोडायच्या पाण्यात तेल.

जुने उपाय आणि त्यांची किंमत

हा आजार १९७० च्या दशकापासून माहीत होता. श्मिट, ब्रिल आणि बेग्ज या अमेरिकन संशोधकांनी त्या दशकाच्या अखेरीस दाखवून दिलं होतं की रायझरच्या वरच्या टोकाचा चोक पुरेसा बंद केला की स्लगिंग थांबतं. कारण सरळ आहे. प्रवाह किंचित वाढला की आवळलेल्या व्हॉल्व्हवरचा दाबाचा फरक लगेच वाढतो आणि त्या वाढीला मागे रेटतो. रायझरमधला हलका-जड होण्याचा खेळ प्रवाहाला एकीकडे ढकलत असतो, व्हॉल्व्ह दुसरीकडे. व्हॉल्व्हचा जोर जास्त झाला की प्रवाह स्थिर.

पण चोक आवळला की पूर्ण पाइपलाइनचा दाब वाढतो, आणि विहिरीच्या तोंडाशी दाब वाढला की विहीर कमी देते. उतारवयातल्या क्षेत्रात एकेका बारची किंमत असते. दुसरा उपाय स्लग-कॅचर, म्हणजे लोंढा झेलण्यापुरती मोठी टाकी. पण प्लॅटफॉर्मवर प्रत्येक टनाचा आणि प्रत्येक चौरस मीटरचा हिशेब असतो. तिसरा, रायझरच्या पायथ्याशी वायू सोडून स्तंभ हलका ठेवणं. त्यासाठी वायू दाबून खाली न्यायला कॉम्प्रेसरची क्षमता लागते.

स्वयंचलित व्हॉल्व्हचा विचारही नवा नव्हता. हेडने आणि लिंगा यांनी १९९० मध्ये साध्या पीआय कंट्रोलरने (चूक आत्ता किती आणि आजवर साचलेली किती, यावरून व्हॉल्व्ह हलवणारा नियंत्रक) प्रयोगशाळेत स्लगिंग दाबून दाखवलं होतं. स्कॉटलंडच्या ईशान्येला डनबार ते अल्विन अशी १६ इंची, २२ किलोमीटरची पाइपलाइन आहे. तिथे रायझरच्या पायथ्याचा दाब चोकने सांभाळण्याची पद्धत बसवली गेली आणि कूर्बो यांनी १९९६ मध्ये ती मांडली. हॉडचं वेगळेपण कळायला डनबारची पद्धत नीट पाहायला हवी. तिथे दाबाचा सेटपॉइंट, म्हणजे कंट्रोलरने राखायचा आकडा, स्लगिंगच्या आवर्तनातल्या सर्वोच्च दाबाएवढा किंवा त्याहून वर ठेवला होता, म्हणजे पायथ्याशी द्रव बुजायलाच नको. लोंढे थांबले, पण जादा दाबाची किंमत मोजावी लागलीच. कंट्रोलर होता, पण तो प्रवाहाला सुरक्षित, महागड्या भागात नेऊन ठेवत होता.

जी अवस्था आहेच, तिला धरून ठेवणं

एबीबी या विद्युत आणि स्वयंचलन कंपनीच्या नॉर्वेतल्या संशोधकांनी, केटिल हावरे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी, हॉड–वालहालसाठी वेगळा मार्ग घेतला.

समजा व्हॉल्व्ह भरपूर उघडा आहे आणि पाइपलाइन स्लगिंग करते आहे. त्याच व्हॉल्व्हला, त्याच आवकीला आणि त्याच सेपरेटर दाबाला समीकरणांमध्ये आणखी एक उत्तर असतं: पूर्ण स्थिर प्रवाह. आत येईल तेवढं बाहेर जातं, दाब सपाट. ही अवस्था कागदावरची कल्पना नाही, भौतिकदृष्ट्या ती खरीच अस्तित्वात आहे. फक्त अस्थिर आहे. किंचित धक्का लागला की प्रवाह तिथून घसरतो आणि स्लगिंगच्या चक्रात जाऊन पडतो. शाळेतल्या स्लो सायकल स्पर्धेत जवळपास थांबलेली सायकल ज्या अर्थाने उभी ‘राहू शकते’ त्याच अर्थाने. हँडल धरणारा सतत थोडं थोडं सावरत असेल तरच.

आणि या स्थिर अवस्थेतला दाब स्लगिंगच्या सरासरी दाबापेक्षा कमी असू शकतो. म्हणजे चोक आवळून शांतता विकत घ्यायची गरज नाही. चोक उघडाच ठेवायचा, आणि जी शांतता तिथे आहेच तिच्यात प्रवाहाला धरून ठेवायचं.

सूत्र एका वाक्यात सांगता येतं. पाइपलाइनच्या सुरुवातीचा दाब, म्हणजे हॉडच्या टोकाचा, मोजायचा आणि त्यावरून वालहालच्या टोकाचा चोक हलवायचा. सुरुवातीचा दाब चढायला लागला म्हणजे पुढे कुठेतरी द्रव साचतो आहे, रायझर जड होतो आहे. चोक थोडा उघडा, स्तंभाला पुढे सरकू द्या. दाब पडायला लागला म्हणजे वायू घुसून रायझर हलका होतो आहे. चोक थोडा आवळा, उसळी हाताबाहेर जाण्याआधी. अनुभवी ऑपरेटरलाही हे कळतं, पण चोवीस तास दर काही सेकंदांनी अशी सावरासावर हाताने करता येत नाही. शिवाय लोंढा डोळ्यांना दिसतो तोवर वेळ निघून गेलेली असते.

हा बदल झाल्यावर हॉड–वालहालमधला प्रवाह शांत झाला, पाइपलाइनमधली दाबाची आंदोलनं दबली आणि वालहालच्या सेपरेटरला सलग आवक मिळू लागली. या कामाची माहिती २००० साली एबीबीच्या तांत्रिक नियतकालिकात आली. अशा प्रयोगांच्या प्रसिद्ध झालेल्या आलेखांमध्ये मला सर्वांत बोलका वाटतो तो शेवटचा भाग, जिथे कंट्रोलर बंद केलेला असतो. व्हॉल्व्ह आहे तिथेच स्थिर ठेवलेला असतो. थोडा वेळ काहीच होत नाही. मग बारीक लाटा दिसतात, प्रत्येक लाट आधीच्यापेक्षा मोठी, आणि पाइपलाइन पुन्हा पूर्ण स्लगिंगमध्ये. प्रवाह शांत होता तो परिस्थिती बदलली म्हणून नव्हे, कुणीतरी त्याला धरून ठेवलं होतं म्हणून, याचा यापेक्षा चोख पुरावा नसावा.

कुठला दाब बघायचा

माझ्या मते या प्रकरणाचा गाभा इथे आहे, आणि तो उलगडला तो ट्रॉन्डहाइमच्या एनटीएनयू विद्यापीठात. प्रा. सिगुर्ड स्कोगेस्टाड आणि त्यांचे विद्यार्थी एस्पेन स्टोरकोस यांनी या प्रवाहाचं अगदी छोटं गणिती प्रारूप बांधलं. त्यात अवस्था फक्त तीन: मागच्या पाइपमधला वायू, रायझरमधला वायू, आणि द्रव. उद्योगात वापरला जाणारा ओल्गा हा सिम्युलेटर पाइपचे शेकडो तुकडे करून गणित करतो. तिथे तीन अवस्थांचं हे प्रारूप पुरेसं ठरतं, कारण कंट्रोलरला द्रवाच्या प्रत्येक थेंबाचा ठाव लागत नाही. प्रवाह घसरतोय कुठे आणि किती वेगाने, एवढंच लागतं.

त्यांचं एक ठरलेलं उदाहरण होतं: ४३०० मीटर पाइपलाइन, पुढे ३०० मीटर उभा रायझर, आवक सेकंदाला ९ किलो, सेपरेटरकडे ५० बार. त्यात व्हॉल्व्ह सुमारे १३ टक्क्यांपर्यंत उघडा असेतो प्रवाह आपोआप स्थिर राहतो, त्यापुढे अस्थिर. १३ टक्के! म्हणजे फीडबॅकशिवाय, मोजमाप बघून सतत सावरल्याशिवाय, व्हॉल्व्हचा बहुतेक सगळा प्रवास वापरताच येत नाही.

मग प्रश्न आला: वरच्या, वालहालसारख्या टोकालाच दाब मोजला तर? तिथे ट्रान्समीटर (दाब मोजून आकडा पाठवणारं उपकरण) बसवणं सोपं, दुरुस्ती सोपी, समुद्रतळाशी जायला नको. पण प्रारूपाने स्पष्ट उत्तर दिलं की त्या दाबावर एकट्याने विसंबून चालत नाही. व्हॉल्व्ह उघडला की वरच्या टोकाचा दाब लगेच खाली येतो. पण थोड्या वेळाने खालून वायू जास्त येतो आणि तोच दाब वर जातो. आधी एक दिशा, मग उलटी. नियंत्रणाच्या भाषेत हा ‘उजव्या अर्ध्या प्रतलातला शून्य’. अस्थिर प्रणालीत असा शून्य आला की कंट्रोलरचं कुठलंही ट्यूनिंग, म्हणजे त्याचे आकडे जुळवणं, ओलांडू शकणार नाही अशी मर्यादा तयार होते. सोप्या रूपात सांगायचं तर अस्थिरतेचा वेग (‘अस्थिर ध्रुव’) p आणि त्या शून्याचं स्थान z असेल, तर धक्के निदान (z + p) भागिले (z − p) इतक्या पटींनी फुगणारच. z हा p च्या तिप्पट असेल तर दुप्पट, निभावून जाईल. z हा p च्या जेमतेम १.२ पट असेल तर अकरा पट. मग बारीकशी गडबडही व्हॉल्व्हला टोकापासून टोकापर्यंत फेकेल.

वरच्या टोकाचा प्रवाह मोजला तर? घसरण सावरायला तो चांगला, पण फार काळ भरवशाचा नाही. विहिरींची आवक ठरलेली असेल तर सरासरीने बाहेर तेवढंच जाणार, व्हॉल्व्ह कितीही उघडा असो. म्हणजे प्रवाह बघून व्हॉल्व्हची जागा ठरवता येत नाही; कंट्रोलर हळूहळू भरकटतो. म्हणून प्रवाहाचं आतलं जलद लूप आणि त्याच्या बाहेर दाबाचं संथ लूप अशी कॅस्केड रचना करतात, ज्यात बाहेरचं लूप आतल्याला सेटपॉइंट देतं. खालचा दाब मोजताच येत नसेल तिथे हा मार्ग उपयोगी पडतो.

हॉडचं नशीब असं की पाइपलाइनची सुरुवात समुद्रतळावर नव्हती, प्लॅटफॉर्मवर होती. माणसं नसली तरी ट्रान्समीटर होता, आकडा वालहालला पाठवायची यंत्रणा होती, आणि कंट्रोलरला हवा तोच दाब आधीपासून हाताशी होता.

जिथे हे अवघड होतं

पहिली अडचण उशिराची. तेरा किलोमीटर अंतर दाबाची लाट वायूतून सेकंदाला ३५० मीटर वेगाने कापत असेल तरी ३७ सेकंद लागतात, आणि बुडबुड्यांनी भरलेल्या द्रवात तिचा वेग याहून खूपच कमी असतो. त्यात सिग्नलचा आणि व्हॉल्व्हचा उशीर मिळवा. अस्थिरता ज्या काळात दुणावते त्या काळाच्या तुलनेत हा सगळा उशीर लहान असेल तरच खेळ जमतो. लांब पाइपलाइनचं आवर्तनही संथ असतं, म्हणून बहुधा जमतो. पण कागदावर हिशेब केल्याशिवाय गृहीत धरू नये.

दुसरी अडचण व्हॉल्व्हची, आणि मला ती पहिलीपेक्षा मोठी वाटते. ठराविक प्रवाहाला व्हॉल्व्हवरचा दाबाचा फरक उघडीपच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात असतो. म्हणून व्हॉल्व्ह एक टक्का हलवल्याचा परिणाम घनाच्या व्यस्त प्रमाणात घटतो. १० टक्क्यांवरून २० टक्क्यांवर गेलात की तेवढ्याच हालचालीचा जोर आठवा हिस्सा उरतो. ३० टक्क्यांवर सत्ताविसावा. इकडे उघडीप वाढते तशी अस्थिरता मात्र तीव्र होत जाते. म्हणजे सर्वांत जास्त ताकद लागते तिथेच हातात सर्वांत कमी असते. म्हणून उघडीपनुसार गेन, म्हणजे दाबातल्या फरकाला व्हॉल्व्हने किती हलायचं ते प्रमाण, वाढवत न्यावा लागतो, आणि तरीही एक हद्द येते जिच्यापुढे जाता येत नाही.

यातून चालवण्याची रीत ठरते. सुरुवात वरच्या दाबाला, जिथे प्रवाह सहज धरता येतो. मग सेटपॉइंट थोडा खाली, थांबायचं, पाइपलाइनची एक-दोन आवर्तनं जातील एवढा वेळ द्यायचा. व्हॉल्व्हची हालचाल शांत असेल तर आणखी थोडा खाली. लाटा वाढू लागल्या की एक पाऊल मागे. इथे घाई केली की लोंढा येतो, आणि एकदा लोंढा आला की कंट्रोल रूममधला माणूस कंट्रोलर मॅन्युअलवर टाकतो आणि पुढचे कित्येक दिवस ऑटोवर घ्यायला तयार नसतो. त्याचं चूक नाही. सेपरेटर ट्रिप झाला तर जाब त्याला द्यावा लागतो. म्हणून तो ऑपरेटर पहिल्या दिवसापासून सोबत हवा, सेटपॉइंटच्या पायऱ्या त्याच्याशी बोलून ठरायला हव्यात.

तिसरी गोष्ट यंत्राची. हा चोक आता सतत हलणार. जुने हायड्रॉलिक चोक टप्प्याटप्प्याने सरकतात, एकेका टप्प्याला वेळ लागतो. काही अडखळतात, मग एकदम उडी मारतात. असा व्हॉल्व्ह असेल तर उत्तम अल्गोरिदमही लंगडा पडतो. ट्यूनिंगवर आठवडे घालवण्याआधी व्हॉल्व्हची चाचणी करावी असं माझं ठाम मत आहे.

पुढे

हॉडनंतर ही पद्धत नॉर्वेत रुजली. नॉर्वेच्या स्टॅटऑइल (आताची इक्विनॉर) कंपनीने हायड्रुन क्षेत्राच्या उत्तर भागातल्या पाइपलाइनवर ती आणली आणि त्याचे अनुभव जॉन-मॉर्टन गुडहाव्न आणि सहकाऱ्यांनी प्रसिद्ध केले. ट्रॉन्डहाइमजवळ टिलरच्या मोठ्या प्रयोगशाळेत आणि एनटीएनयूतल्या पारदर्शक नळ्यांच्या, पाणी-हवेच्या छोट्या रिगवरही हेच वर्तन दिसलं. ती छोटी रिग मला शिक्षणासाठी फार महत्त्वाची वाटते. आपल्या कुठल्याही इंजिनिअरिंग कॉलेजच्या इन्स्ट्रुमेंटेशन विभागात पारदर्शक नळी, पंप, हवेचा कॉम्प्रेसर, एक दाबाचा ट्रान्समीटर आणि एक कंट्रोल व्हॉल्व्ह यांतून ती उभी राहू शकते. अस्थिर ध्रुव, शून्य, गेनची हद्द हे सगळं विद्यार्थ्याला डोळ्यांनी पाहता येतं.

हॉडचा तो मूळ प्लॅटफॉर्म आता निवृत्त झाला आहे. क्षेत्राचा नव्याने विकास होऊन २०२२ मध्ये नव्या प्लॅटफॉर्मवरून उत्पादन सुरू झालं. बॉम्बे हायवर मात्र तसाच आराखडा आजही ठिकठिकाणी आहे: माणसं नसलेले विहीर-प्लॅटफॉर्म, तिथून प्रक्रिया-प्लॅटफॉर्मकडे जाणाऱ्या समुद्रतळावरच्या मिश्र प्रवाहाच्या पाइपलाइन, आणि वय वाढलेलं क्षेत्र. अशा एखाद्या पाइपलाइनवर हा उपाय तपासायचा असेल तर मी तीन गोष्टी मागेन. विहीर-प्लॅटफॉर्मकडच्या टोकाचा दाब मोजला जातो का, आणि त्याचा नवा आकडा किती सेकंदांनी कंट्रोल रूमला पोहोचतो? स्लगिंग चालू असतानाची त्या दाबाची आणि सेपरेटरच्या पातळीची काही दिवसांची नोंद. आणि चोकला पाच टक्के उघड म्हटल्यावर तो प्रत्यक्षात किती उघडतो आणि किती वेळात, याची चाचणी.

पहिल्या प्रश्नाचं उत्तर ‘मिनिटातून एकदा’ असं आलं तर कंट्रोलरला हात लावण्याआधी टेलिमेट्री, म्हणजे आकडे दुरून पाठवण्याची यंत्रणा, सुधारावी लागेल.